कारण क्रमांक चार

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मामाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. धुळीनं भरलेली एक छोटी स्क्रीन, तिच्यावर तीन ओळी: ९४–४, १००–४, १०२–४. खाली मामानं लिहिलं होतं, "तू कॉम्प्युटरवाला ना? हे काय म्हणतंय सांग."

मामानं दोन महिन्यांपूर्वी जुनं पोकलेन घेतलं होतं. वीस टनी, कर्ज काढून. काम सांगोल्याजवळ शेततळ्याचं, आणि पावसाच्या आत तीन तळी पुरी करायची होती. मशीन सुरू व्हायचं, पण अंगात जोर नव्हता. बकेट मुरमात घुसली की इंजिन गुदमरायचं. साइटवर आलेल्या मेकॅनिकनं एवढं ओळखलं की १०० म्हणजे ऑइल प्रेशर. त्यावरून त्याचं निदान तयार होतं: ऑइल प्रेशर गेलंय, म्हणजे बेअरिंग गेल्या, इंजिन उतरवून खोलावं लागेल. मामाच्या डोळ्यांपुढे पुढचे सहा हप्ते उभे राहिले.

मेकॅनिक खोटं बोलत नव्हता. त्यानं कोड अर्धाच वाचला होता. शंभरच्या पुढच्या त्या चाराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. तो चार काय आहे हे शोधायला मी त्या रात्री बसलो आणि पहाटेपर्यंत मशीनच्या इतिहासात पार मागे जाऊन पोचलो.

सुरुवात 'पोकलेन' या शब्दापासूनच करू. आपण कुठल्याही साखळीच्या एक्सकॅव्हेटरला पोकलेन म्हणतो, जसं रबरी चाकांच्या, मागेपुढे दोन्हीकडे हत्यार असलेल्या पिवळ्या मशीनला सरसकट जेसीबी म्हणतो. दोन्ही मुळात कंपन्यांची नावं. पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी, जॉर्ज बताय यांनी १९२७ साली सुरू केलेली. आधी शेतीची अवजारं बनवायची. १९५१मध्ये तिनं 'टीयू' नावाचा हायड्रॉलिक एक्सकॅव्हेटर आणला. भारतात लार्सन अँड टुब्रोनं पोकलेनच्या सहकार्यानं ही मशीन बनवली आणि नाव आपल्या बोलीत रुतलं. आज साइटवर उभी असलेली मशीन बहुतेक दुसऱ्याच कंपन्यांची असतात, नाव मात्र तेच राहिलं.

हायड्रॉलिकच्या आधी वाफेचा जमाना होता. फिलाडेल्फियाच्या विल्यम ओटिसला १८३९मध्ये वाफेच्या फावड्याचं पेटंट मिळालं. साखळ्या, दोर, चाकं, सगळं उघड्यावर. बिघाड डोळ्यांना दिसायचा: दोर तुटला, दात मोडला, बॉयलर गळतोय. हायड्रॉलिक मशीननं दोरांच्या जागी तेल आणलं, आणि तेलाचा दाब डोळ्यांना दिसत नाही. तरी जुन्या मिस्त्रींनी त्याच्यासाठी नव्या खुणा शोधल्या. बूम वर उचलून इंजिन बंद करायचं आणि घड्याळ लावून बघायचं, ती आपोआप किती खाली येते. जास्त आली तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह आतून तेल सोडतोय. पंपाच्या टेस्ट पॉइंटला गेज लावायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनाचा पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय. हे सगळं ज्ञान कान, नाक आणि हाताचं होतं. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

मग मशीनमध्ये कॉम्प्युटर आला कुठून? त्याची एक वाट लॉस एंजेलिसच्या धुरकटातून येते. त्या शहराच्या हवेत डोळे चुरचुरायचे, पिकांची पानं करपायची. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले घटक उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि त्यातून हे विष तयार होतं. १९६७मध्ये कॅलिफोर्नियानं हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं. नियम कडक होत गेले, आणि हवा-इंधनाचं प्रमाण इतकं काटेकोर ठेवणं कार्ब्युरेटरच्या स्क्रूला जमेना. ते काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं.

१९८१मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या गाड्यांमध्ये इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर सरसकट बसवला. त्याला स्क्रीन नव्हती. होता फक्त डॅशबोर्डवरचा एक दिवा. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या दोन पिना जोडल्या की तो दिवा लुकलुकायला लागायचा. लोक त्यासाठी कागदाला लावायची साधी पिन वापरायचे. एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा: म्हणजे १२. या बाराचा अर्थ होता, 'इंजिन फिरत असल्याचे सिग्नल येत नाहीत'. इंजिन बंद असताना हे खरंच असायचं. म्हणून मेकॅनिक बारा दिसला की खूश व्हायचे, याचा अर्थ निदान करणारी यंत्रणा जागी आहे. प्रोग्रामर नवी भाषा शिकताना पहिल्यांदा 'हॅलो वर्ल्ड' छापतात, तसं.

एक्सकॅव्हेटरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिरलं ते मात्र आधी वेगळ्या गरजेतून. हायड्रॉलिक पंप इंजिनावर चालतो. ऑपरेटरनं एकाच वेळी बूम, आर्म आणि बकेट ओढली की पंप इंजिनाकडे झेपेल त्याहून जास्त ताकद मागतो आणि इंजिन बसतं. १९८०च्या दशकात जपानी मशीनमध्ये यावर उपाय आला: कंट्रोलर इंजिनाच्या फेऱ्यांवर नजर ठेवतो, फेऱ्या पडायला लागल्या की पंपाला म्हणतो, जरा कमी माग. यात डिझेल वाचतं आणि काम वाढतं. पुढे धुराचे नियम रस्त्यावरून खाणीत आणि शेतात पोचले, तेव्हा डिझेल इंजिनाचा इंजेक्शन पंपही इलेक्ट्रॉनिक झाला. आपल्याकडे रबरी चाकांच्या बांधकाम मशीनना एप्रिल २०२१पासून 'स्टेज फोर'चा नियम लागला, तेव्हापासून खेड्यातला ऑपरेटरही सेन्सरची भाषा बोलू लागला.

आता तो चार.

कॉम्प्युटरला दाब कळत नाही, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. प्रेशर सेन्सरला तीन तारा असतात: एक पाच व्होल्टचा पुरवठा, एक अर्थ, एक सिग्नल. दाब बदलला की सिग्नलचं व्होल्टेज बदलतं. कुणालाही वाटेल की शून्य दाबाला शून्य व्होल्ट आणि पूर्ण दाबाला पाच व्होल्ट असणार. तसं नसतं. साधारणपणे शून्य दाबाला अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबाला साडेचार व्होल्ट ठेवतात. खालचा आणि वरचा अर्धा-अर्धा व्होल्ट मुद्दाम रिकामा सोडलेला असतो.

ही युक्ती कॉम्प्युटरहून जुनी आहे. कारखान्यांमध्ये मोजमापं हवेच्या नळ्यांतून पाठवायचे, तेव्हा शून्य म्हणजे ३ पीएसआय आणि पूर्ण म्हणजे १५ पीएसआय असा रिवाज पडला. पुढे विजेच्या तारा आल्या तेव्हा ४ ते २० मिलिअँपिअर ठरलं. शून्याला मुद्दाम शून्य ठेवलं नाही. कारण नळी फुटली किंवा तार तुटली तर खरोखरचं शून्य येतं, आणि 'टाकी रिकामी आहे' आणि 'बातमी आणणारा वाटेतच मेला' या दोन गोष्टींत फरक करता आला पाहिजे. इंग्रजीत याला जिवंत शून्य म्हणतात. डेटाबेसमध्ये शून्य वेगळं आणि नल वेगळं, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ते कारखान्यातल्या लोकांनी हवेच्या नळ्यांवर आधीच सोडवून ठेवलंय, हे मला त्या रात्री कळलं.

एका मशीनवर असे कितीतरी सेन्सर. प्रत्येकाची माहिती प्रत्येक कंट्रोलरला हवी. प्रत्येकासाठी वेगळी तार ओढली तर वायरिंगचा जाडजूड दोरखंड होतो. जर्मनीतल्या बॉश कंपनीनं यावर १९८३मध्ये काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात 'कॅन' नावाची पद्धत मांडली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, आणि सगळे कंट्रोलर त्याच दोन तारांवर आळीपाळीनं बोलतात. दोघं एकदम बोलले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा तो पुढे जातो, दुसरा आपोआप थांबतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. म्हणून आजही वायरमन चावी बंद करून या दोन तारांमध्ये मीटर लावतो. ६० ओहम आले तर लाइन धड आहे. १२० आले तर कुठेतरी तार तुटलीय किंवा एका टोकाचा रोध गेलाय.

या कॅनवर १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सनं ट्रक आणि अवजड मशीनसाठी एक भाषा बसवली. तिचं नाव जे-१९३९. मामाच्या स्क्रीनवरचे आकडे याच भाषेतले होते. या भाषेत बिघाडाचे दोन भाग असतात. पहिला आकडा एसपीएन: कशाबद्दल बोलतोय. ९४ म्हणजे डिझेल पुरवठ्याचा दाब, १०० इंजिन ऑइलचा दाब, १०२ टर्बोकडून येणाऱ्या हवेचा दाब. दुसरा आकडा एफएमआय: त्या गोष्टीचं काय झालंय. यासाठी फक्त पाच बिट ठेवलेत, म्हणजे शून्य ते एकतीस. जगातल्या सगळ्या अवजड मशीनची सगळी दुखणी त्या बत्तीस खान्यांत बसवायची.

त्यातले थोडे पाठ असले तरी पुरे. शून्य: मोजमाप खरं आहे आणि धोक्याच्या वर आहे. एक: मोजमाप खरं आहे आणि धोक्याच्या खाली आहे. दोन: मोजमाप उड्या मारतंय, भरवसा नाही. तीन: सिग्नलचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त. चार: सिग्नलचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर कमी. पाच: करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं.

म्हणजे १००–१ आला असता तर मशीन त्याच क्षणी बंद करायला हवं होतं, कारण ऑइलचा दाब खरोखर पडलाय. पण आला होता १००–४. कॉम्प्युटर सांगत होता: ऑइलचा दाब किती आहे हे मला माहीतच नाही, मला जे व्होल्टेज मिळतंय ते कुठल्याही दाबाचं असू शकत नाही. तो अर्धा व्होल्ट ज्यानं कुणी रिकामा सोडला होता, त्यानं मामाचं इंजिन वाचवायची सोय तेव्हाच करून ठेवली होती. पहिला आकडा इंजिनाकडे बोट दाखवत होता, दुसरा वायरिंगकडे.

पहाटे मी मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, इंजिन खोलू नका. आधी चांगला वायरमन बघा."

वायरमन पंढरपुराकडून आला, साठीचा माणूस. हे सगळं मी त्यांना फोनवर सांगायला लागलो तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिन्ही कोड एकदमच आले का एकामागनं एक?" मामा म्हणाला, एकदमच. "मग तीन सेन्सर एकदम कसे मरतील?" ते म्हणाले.

मला ओशाळल्यासारखं झालं. माझं रोजचं काम सर्व्हरचे लॉग वाचण्याचं. तीन सर्व्हिस एकाच सेकंदाला पडल्या तर तिघींना दोष द्यायचा नाही, तिघी ज्याच्यावर अवलंबून आहेत तिकडे बघायचं, हे मी नव्या मुलांना शिकवतो. इथे मात्र मी तीन ओळी तीन वेगळ्या ओळी म्हणूनच वाचल्या होत्या.

त्यांनी चावी चालू केली, ऑइल सेन्सरचा कपलर काढला आणि पुरवठ्याच्या तारेवर मीटर लावला. पाच व्होल्ट हवेत, मिळाला अर्ध्याहून कमी. तिन्ही प्रेशर सेन्सरना पाच व्होल्ट एकाच ठिकाणाहून जातात. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असेल तर तो काढल्यावर बाकीचा पुरवठा परत यायला हवा. त्यांनी एकेक करून तिन्ही कपलर काढले. पुरवठा आला नाही. म्हणजे सेन्सर तिन्ही निर्दोष. राहिली तार. मग त्यांनी हार्नेस हातात धरून वीत-वीत हलवत नेली आणि मामाला मीटरकडे बघत बसायला सांगितलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला एक क्लिप तुटली होती. हार्नेस तिथल्या ब्रॅकेटच्या धारेवर घासून घासून एका तारेचं आवरण गेलं होतं, आणि तांबं लोखंडाला टेकत होतं. हात लावला तसा आकडा पाचावर गेला.

डाग, स्लीव्ह, टेप, नवी क्लिप. दुपारपर्यंत बकेट पुन्हा मुरमात होती. हवेचा दाब कळेनासा झाल्यावर कॉम्प्युटरनं इंजिन जपायला डिझेल आखडतं घेतलं होतं, बिघाड म्हणावा तर तेवढाच.

पण एक गोष्ट राहिली होती. या भाषेत प्रत्येक बिघाडाबरोबर तिसरा आकडाही असतो: हा बिघाड आजवर किती वेळा आला. त्याला सात बिट आहेत. मोजणी १२६ला थांबते, कारण १२७चा अर्थ 'माहिती नाही' असा राखून ठेवलाय. मामाला मी स्क्रीनवरून तो आकडा शोधायला सांगितला. तिन्ही कोडांपुढे १२६ होते. मामाच्या दोन महिन्यांत हे पहिल्यांदाच घडलं होतं. म्हणजे आधीच्या मालकाकडे ही तार मोजणी संपेपर्यंत टेकत होती, सुटत होती. तेव्हा ऑपरेटरला आठवलं की मशीन आलं तेव्हा इशाऱ्याच्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली होती, त्यानंच ती काढली होती.

जुनं मशीन घेताना लोक तासांचं मीटर बघतात, साखळीची झीज बघतात, पिन-बुशचा खडखडाट ऐकतात. आता मेमरीही बघायला हवी. चालू कोड वेगळे आणि येऊन गेलेले वेगळे, दोन्ही साठवलेले असतात. आणि पुसताही येतात. म्हणून नऊ हजार तास चाललेल्या मशीनची यादी कोरी असेल तर आनंद मानू नये. कोरी ब्राउझर हिस्टरी आपल्याला जे सांगते तेच ती सांगते. मामाच्या मशीनची भरलेली यादी त्या मानानं प्रामाणिक होती, फक्त ती वाचणारं कुणी नव्हतं.

वाचणारं का नव्हतं, हाही इतिहासाचाच भाग आहे. गाड्यांच्या बाबतीत कॅलिफोर्नियानं आणि मग अमेरिकेच्या केंद्र सरकारनं ठरवलं की बिघाडाचे कोड आणि ते वाचायचा कनेक्टर सगळ्या कंपन्यांचा सारखा हवा. १९९६पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला तो सोळा पिनांचा कनेक्टर आहे. म्हणून आज कुठल्याही गॅरेजात स्वस्तातला स्कॅनर कारचे मूळ कोड वाचतो. धुराचा नियम होता, पण त्यातून गल्लीतल्या मेकॅनिकला अक्षरओळख मिळाली.

अवजड मशीनना तसं काही मिळालं नाही. जे-१९३९चा दस्तऐवज विकत घ्यावा लागतो. त्यातही एसपीएनच्या यादीतले वरचे काही हजार आकडे कंपन्यांना खासगी वापरासाठी सोडलेत. त्यांचा अर्थ कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि सॉफ्टवेअर अधिकृत डीलरकडे. अनेक कंपन्यांच्या स्क्रीनवर तर पूर्णपणे त्यांचे स्वतःचेच कोड दिसतात. नव्या मशीनच्या मालकाला याचा त्रास कमी, त्याला वॉरंटी असते. त्रास होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला. मशीन त्याचं, कर्ज त्याचं, पण मशीन जे बोलतं त्याचा अर्थ त्याचा नाही.

यावरून भांडणं झाली आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनी गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. २०२३मध्ये कोलोरॅडोनं शेतीच्या यंत्रांसाठी तसा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली. तिनं चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं. पोकलेन या यादीत नेमकं कुठे बसतं ते यादीवरून कळत नाही. ते शेततळं खणतं, पण शेतीचं अवजार नाही. साखळीवर चालतं, पण रस्त्यावरचं वाहन नाही.

मामाचं नशीब एवढंच की त्याच्या मशीनवर जे तीन कोड आले ते सार्वजनिक भाषेतले होते. खासगी आकडे आले असते तर मी रात्रभर जागूनही काही सांगू शकलो नसतो आणि इंजिन कदाचित उतरलं असतं. वायरमनकाकांनी मात्र मीटरनं तेही शोधलं असतं असं मला वाटतं, जरा उशिरा का होईना.

जाताना त्यांनी माझ्याकडून त्या बत्तीस कारणांची यादी मराठीत लिहून मागितली. मी एका पानावर लिहून पाठवली. मामानं ती प्लास्टिकमध्ये घालून केबिनमध्ये सीटच्या मागे अडकवलीय. चौथ्या कारणाखाली ऑपरेटरनं स्वतःच्या अक्षरात जोडलंय: 'आधी तार बघणे.'